गिनी फाऊलच्या पिलांचं खाद्य: माझ्या जुन्या व्हिडिओतली चूक आणि ७५० रुपयांची बचत



आज आधी कबुली देते, मग विषयाकडे वळू. दीड वर्षापूर्वी आपल्या चॅनलवर गिनी फाऊलचा एक व्हिडिओ टाकला होता. त्यात मी छातीठोकपणे म्हणाले होते, "गिनीला वेगळं खाद्य लागत नाही, कोंबडीचं खाद्य चालतं." तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. आता तो चॅनलवर सापडणार नाही, मी काढून टाकलाय.

का काढला ते सांगते. मागच्या पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी दुकान उघडून मी अगरबत्ती लावत होते, तेवढ्यात एक मुलगा आला. महाळुंगेला एका कंपनीत कंत्राटावर काम करणारा, घर खेडच्या पुढे. हातात बुटाचा खोका. खोक्यात गिनीची दोन मेलेली पिलं. म्हणाला, "ताई, शंभर आणली होती. आज बावीसावा दिवस. अडतीस राहिलीत. काय चुकतंय तेच कळेना. कोंबडीचंच खाद्य दिलं, तुम्ही सांगितलं होतं तसं."

शेवटचं वाक्य तो तक्रार म्हणून बोललाच नाही हो. साधं सांगितलं त्याने. पण मला ते फार लागलं.

मी विचारलं, कोणतं खाद्य? म्हणाला, "लेयर मॅश. तुमच्याच दुकानातून नेलं होतं." वही काढून बघितली. खरंच, माझ्याच दुकानातून ५० किलोचं पोतं गेलं होतं. काउंटरवरच्या पोराने त्याला प्री-स्टार्टर आणि लेयर मॅश, दोन्हीचे भाव सांगितले होते. लेयर मॅश किलोमागे १५ रुपयांनी स्वस्त. कोंबडीचं खाद्य चालतं म्हणल्यावर माणूस स्वस्तातलंच उचलणार ना? मीही उचललं असतं.

ती पिलं आम्ही ओळखीच्या पशुवैद्यकांकडे नेली. त्यांनी एक उघडलं. मूत्रपिंडं सुजलेली, आणि आत चुन्यासारखं पांढरं साचलेलं. त्यांनी वर बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्यांना लेयरचं खाद्य देताय का?"

तर आजचा लेख त्या अडतीस पिलांसाठी, आणि खरं तर जी बासष्ट गेली त्यांच्यासाठी.

आधी हिशोब बघू

आपण धंद्याचे लोक, म्हणून आधी आकडे. त्याने पिलू ७० रुपयांना आणलं होतं. शंभर पिलांचे ७,००० रुपये. खाद्यात वाचवले किती? ५० किलो गुणिले १५, म्हणजे ७५० रुपये.

आता ७,००० रुपयांत अडतीस पिलं हातात राहिली, तर एक पिलू पडलं १८४ रुपयांना. तीच पंच्याऐंशी जगली असती तर ८२ रुपयांना पडलं असतं. खाद्य, वीज, मेहनत यातलं काही धरलेलं नाही, नुसती पिलाची किंमत सव्वादोन पट झाली. मेलेल्या पिलांनी तीन आठवडे खाल्लेलं खाद्यही वाया गेलं, ते वेगळंच. बीबीएच्या वर्गात आम्हाला कॉस्टिंग शिकवलं होतं, पण मेलेल्या पिलाची किंमत जिवंत पिलावर चढते, हे मला बुटाच्या त्या खोक्यानेच नीट समजावलं.

गंमत अशी की महाग खाद्य लागतंच किती? माझ्या वहीतल्या नोंदी सांगते. पहिल्या आठवड्यात एक पिलू दिवसाला ६-७ ग्रॅम खातं. चौथ्या आठवड्यात २५-३० ग्रॅमवर जातं. पहिल्या चार आठवड्यांचं सगळं मिळून जेमतेम अर्धा किलो. पुढे बारा आठवड्यांपर्यंत धरलं तर एकूण तीन किलोच्या आसपास. म्हणजे भारी खाद्य लागतं ते एकूण खाद्याच्या फक्त सहाव्या हिश्श्याला. बाकी पाच हिश्शांत काटकसर करायला भरपूर जागा आहे. आपण मात्र काटकसर नेमकी पहिल्या हिश्श्यात करतो, कारण तेव्हा खिशातून नुकतेच पिलांचे पैसे गेलेले असतात आणि हात आखडलेला असतो.

गिनीचं पिलू इतकं खादाड का?

पहिल्यांदा बघणाऱ्याला गिनी म्हणजे ठिपक्यांची कोंबडी वाटते. तशी ती नाही. हा मूळचा आफ्रिकेतला पक्षी. शास्त्रीय नाव न्युमिडा मेलिॲग्रिस. न्युमिडिया हे उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या राज्याचं नाव. कोरड्या गवताळ माळावर थव्याने फिरायचं, किडे-मुंग्या, गवताचं बी टिपायचं, रात्री झाडावर बसायचं, हा तिचा स्वभाव. हजारो वर्षं माणसाळूनही तो पुरता गेलेला नाही.

रानात गिनीची पिलं पहिले काही आठवडे मुख्यतः किडेच खातात. दाणा नंतर. किडा म्हणजे काय, तर निव्वळ प्रोटीन. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पिलू २५ ते २८ ग्रॅमचं, मुठीत दोन मावतील एवढं. त्याला महिन्याभरात पिसं फोडायची असतात, पाय धरायचे असतात. मग कोंबडीच्या पिलाला २० टक्के प्रोटीनचं खाद्य पुरतं तिथे गिनीच्या पिलाला पहिले चार आठवडे २४ ते २६ टक्के द्यावं लागतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात २० टक्क्यांवर आणलं तरी चालतं. त्यापुढे १६ टक्के पुष्कळ झालं.

आपल्याकडे या पक्ष्यावर सगळ्यात जास्त काम बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने केलंय. कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी हे त्यांचे तीन वाण. या वाणांचं वजन आठव्या आठवड्याला ५०० ते ५५० ग्रॅम आणि बाराव्या आठवड्याला ९०० ग्रॅम ते एक किलो धरतात. हा आकडा लिहून ठेवा. आठव्या आठवड्याला तुमचा पक्षी ३०० ग्रॅमवर अडकला असेल तर त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातल्या खाद्यातच सापडतं. नंतर कितीही ओतलं तरी तो फरक भरून निघत नाही.

जाता जाता एक. बाजारात काही जण गिनीला "तितर" म्हणून विकतात. तसं चुकूनही करू नका. तितर हा रानपक्षी आहे, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पाटीवर "गिनी फाऊल" असंच लिहा, नाहीतर पाळीव पक्षी विकूनही वनखात्यापुढे खुलासे देत बसाल.

पोत्याची चिठ्ठी वाचायला शिका

पोत्याच्या शिलाईत एक चिठ्ठी असते. दहातले नऊ गिऱ्हाईक ती पोतं उघडताना फाडून टाकतात. मी आता काउंटरवर प्रत्येकाला आधी ती चिठ्ठी वाचायला लावते. गर्दी असली की लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

भारतीय मानक ब्युरोचं कोंबडी खाद्याचं मानक आहे, आयएस १३७४. त्याप्रमाणे ब्रॉयलर प्री-स्टार्टरमध्ये किमान २३ टक्के प्रोटीन लागतं, लेयरच्या लहान पिलांच्या खाद्यात, म्हणजे चिक मॅशमध्ये २०, ग्रोअरमध्ये १६. अंड्यावरच्या कोंबडीचं लेयर मॅश १६ ते १८ च्या घरात. म्हणजे त्या मुलाच्या पिलांना लागत होतं २४ आणि पोटात जात होतं फार तर १८.

पण प्रोटीन कमी पडलं हे निम्मंच. लेयर मॅशमध्ये कॅल्शियम तीन टक्क्यांच्या वर असतं, कारण रोज अंड्याचं कवच बनवायचं असतं. पिलाला लागतं एक टक्क्याच्या आसपास. तिप्पट कॅल्शियम बाहेर टाकता टाकता त्या एवढ्याशा मूत्रपिंडांचं काम संपतं. डॉक्टरांना दिसलेलं पांढरं होतं ते हेच. पिलू आधी मलूल होतं, पंख पाडून उभं राहतं, बाकीच्यांच्या खाली दबतं. आपल्याला वाटतं थंडी लागली, आपण बल्ब वाढवतो. त्या मुलानेही बल्बच वाढवले होते.

दुसरी गोष्ट अजून नाजूक. बऱ्याच ब्रॉयलर खाद्यांत रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. त्यातलं मोनेन्सिन हे औषध गिनीला विषारी ठरतं. अमेरिकेत मोनेन्सिनच्या लेबलवर घोडे आणि गिनी फाऊल यांना हे खाद्य मिळू देऊ नका, अशी सूचनाच छापलेली असते. कोंबडीला ते औषध, गिनीला घात. तेव्हा प्री-स्टार्टर घेताना चिठ्ठीवर "कॉक्सिडिओस्टॅट" कोणता ते बघा. मोनेन्सिन लिहिलं असेल तर ते पोतं गिनीसाठी नको. काहीच लिहिलं नसेल तर दुकानदाराला कंपनीत फोन लावून विचारायला सांगा. त्याला राग आला तर दुसरं दुकान बघा. माझ्याकडेच या असं म्हणत नाही (आलात तर चहा देईन).

घरच्या घरी २४ टक्के कसं करायचं

समजा विनाऔषधी प्री-स्टार्टर मिळालं नाही. चाकण, खेड, मावळ पट्ट्यात छोट्या दुकानांतून चिक मॅश मिळतं, ते २० टक्क्यांचं. त्यात सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीन पेंड मिसळायची. तिच्यात ४५ टक्के प्रोटीन धरा.

गणित सोपं आहे, वहीच्या कोपऱ्यात होतं. आपल्याला हवे २४. पेंडेचे ४५ वजा २४, राहिले २१. हे झाले चिक मॅशचे भाग. २४ वजा मॅशचे २०, राहिले ४. हे झाले पेंडेचे भाग. एकूण २५ भाग. म्हणजे ५० किलोत ४२ किलो चिक मॅश आणि ८ किलो पेंड. ताळा करून बघा: ४२ किलोतून ८.४ किलो प्रोटीन, ८ किलोतून ३.६. बेरीज १२. पन्नासातले १२ म्हणजे बरोबर २४ टक्के.

याला डोळे झाकून हो म्हणू नका, दोन-तीन अटी आहेत. पेंड मिसळली की मॅशमधलं मिनरल आणि व्हिटॅमिन तेवढं पातळ होतं, म्हणून पाकिटावरच्या प्रमाणात पोल्ट्रीचं मिनरल मिक्स्चर घाला. पेंड बारीक दळून घ्या, नाहीतर पिलं ती बाजूला सारतात. आणि घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. बऱ्याच जणांच्या घरी सोयाबीन असतं, मोह होतो. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच जातात. डीओसी तयार होताना ती उष्णता मिळालेली असते.

शेंगदाण्याची पेंड? आमच्याकडे जून ते सप्टेंबर मी ती पिलांसाठी देतच नाही. पावसाळी हवेत तिला बुरशी धरते, आणि ती बुरशी डोळ्याला दिसेपर्यंत विष तयार झालेलं असतं. अडचण अशी की गिनी अंडी देते तीच मार्च ते सप्टेंबर. अंडी उबायला २६ ते २८ दिवस. म्हणजे आपली बहुतेक पिलं ऐन पावसाळ्यात जन्मतात. कोरड्या माळावरचा पक्षी आणि लोणावळ्याकडून येणारी ओल, हे काही जमत नाही. म्हणून खाद्याचं पोतं जमिनीवर ठेवायचं नाही, लाकडी पॅलेटवर ठेवायचं. एमआयडीसीत पॅलेटला तोटा नाही. आणि दहा-बारा दिवसांत संपेल एवढंच खाद्य मिसळायचं.

पहिले दहा दिवस

इथे खाद्यापेक्षा ते कसं मांडता याला जास्त महत्त्व आहे.

पिलं आली की आधी पाणी, मग दाणा. प्रवासातून आलेल्या पिलाला कोमट पाणी, त्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट. एकेका पिलाची चोच हळूच पाण्याला टेकवायची. शंभर असली तर शंभर वेळा. कंटाळा आला तर आठवा, एकेक चोच ७० रुपयांची आहे.

पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे भरायचे, म्हणजे पिलाला चोच बुडवता येईल, स्वतः बुडता येणार नाही. गिनीची पिलं वेड्यासारखी पाण्यात घुसतात. भिजलं की गारठतं, गारठलं की संपलं. ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास उष्णता ठेवा आणि दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी उतरवत जा. गारठलेलं पिलू खातच नाही, म्हणून बल्ब हा पण खाद्याचाच भाग समजा.

खाली काय अंथरायचं? गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात आणि फाकलेले पाय मग जन्मभर. भाताचं तूस घातलं तर पहिले दोन-तीन दिवस पिलं दाण्याऐवजी तूसच खातात. माझा उपाय एकदम पिंपरी-चिंचवडी आहे. भोसरी-चाकणला सुट्या भागांचे पन्हळी पुठ्ठ्याचे खोके भंगारात ढिगाने मिळतात. त्यांचा वरचा कागद सोलला की आतल्या पन्हळ्या उघड्या पडतात. त्यावर पायाला पकड मिळते, दाणा पन्हळीत अडकतो आणि पिलू तो टिपायला शिकतं. तीन दिवसांनी पुठ्ठा काढायचा आणि तूस टाकायचं.

दाणा बारीक हवा. पेलेट चोचीत मावत नाही. मॅश किंवा क्रंबल द्या. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं टाका, कारण खाद्य पडताना बघितलं की ती धावत येतात. भरलेल्या फीडरकडे त्यांचं लक्षच जात नाही. उकडलेलं अंडं किसून वर भुरभुरवा, २५-३० पिलांना एक अंडं पुरे. पिवळा रंग दिसला की टोचायला लागतात. अर्ध्या तासात उरलेलं अंडं उचलून टाका, पावसाळ्यात ते लगेच आंबतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोथिंबीर, लसूणघास किंवा शेवग्याचा कोवळा पाला अगदी बारीक चिरून. लांब देठ गेला तर गळ्यात अडकतो.

किड्यांचं म्हणाल तर पश्चिम आफ्रिकेत, घाना-बुर्किना फासोकडे, शेतकरी पिलांना वाळवी खाऊ घालतात. मडक्यात काड्या आणि ओलं शेण भरायचं, वारुळाशी पालथं घालायचं, सकाळी मडकं वाळवीने भरलेलं. आपल्याकडे कडब्याचा चुरा आणि शेण घालून हे करता येतं, मी माझ्या मामाच्या शेतावर करून पाहिलंय. पिलं अक्षरशः तुटून पडतात. फक्त वाळवीचं औषध मारलेल्या बांधकामाजवळची वाळवी घेऊ नका. आमच्या पट्ट्यात जिकडे-तिकडे बांधकामं चालू, म्हणून मुद्दाम सांगतेय.

खाद्य बदलताना एकदम बदलू नका. गिनी संशयी पक्षी. नवा रंग, नवा वास दिसला की उपाशी राहील पण तोंड लावणार नाही. जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत पाच-सहा दिवस घ्या.

मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत हात आखडता घ्या

आठ आठवड्यांनंतर मात्र माझं जुन्या व्हिडिओतलं वाक्य बऱ्यापैकी खरं ठरतं. ग्रोअर मॅश चालतं. घरची बाजरी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी चालते. अख्खा दाणा द्यायला लागलात की सोबत बारीक खडी किंवा जाडसर वाळू ठेवा, पोटातलं जातं त्यावरच फिरतं.

मोकळं सोडायची सोय असेल तर पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत मोठी गिनी नाकतोडे, किडे, गवताचं बी खाऊन स्वतःचं बरंचसं भागवते. एरवी एक मोठा पक्षी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास खातो, त्यातलं बरंच वाचतं. एप्रिल-मे मध्ये रान कोरडं, तेव्हा हा फायदा विसरा आणि पूर्ण खाद्य धरा. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बाराही महिने "चराईवर अर्धं खाद्य" लिहिणारे मी पाहिलेत. बँकवाल्याला कळत नाही, पक्ष्याला कळतं.

संध्याकाळचा दाणा चुकवू नका. गिनीला सोडलं की ती झाडावर चढून बसते आणि रात्री रानमांजर आणि घुबडांचं फावतं. रोज सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, एकाच जागी, एकच शिट्टी आणि मूठ-मूठ बाजरी. दिवसभर पोटभर द्याल तर शिट्टीला कोण येणार? थोडी भूक ठेवूनच सोडायचं. सोडायच्या आधी निदान तीन-चार आठवडे आत ठेवून ही सवय लावायची.

अंड्यावर येतात साधारण २३० ते २५० दिवसांनी. तेव्हा लेयर मॅश द्या, आता ते कॅल्शियम कामाचं. किंवा ग्रोअरसोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतः घेतात. पण एकाच शेडमध्ये पिलं आणि अंड्यावरच्या माद्या असतील तर भांडी वेगळी आणि मध्ये जाळी.

आपल्या पट्ट्यातले तीन मोह

पहिला मोह कंपनीच्या कँटीनचं उरलेलं अन्न. रोज बादल्या भरून फुकट मिळतं. भात-भाजीत मीठ, तेल, मसाला, वर दुपारपर्यंत आंबलेलं. पिलांना अजिबात नाही. मोठ्यांना कोरडा भात, चपातीचे तुकडे कधीमधी, बस्स. ज्याच्या धंद्याचा पायाच फुकट अन्न आहे, त्याचा धंदा कँटीनचा ठेकेदार बदलला की बसतो, हेही आहेच.

दुसरं म्हणजे चकाकणाऱ्या वस्तू. गिनी जे चमकेल ते टिपते. शेजारी फॅब्रिकेशन किंवा लेथचं शेड असेल तर बुरचे तुकडे, वायरचे कुडके, वेल्डिंगचे मणी सगळीकडे उडालेले असतात. एका शेतकऱ्याच्या मेलेल्या गिनीच्या पोटात मी स्वतः तारेचा तुकडा पाहिलाय. आवारात आठवड्यातून एकदा लोहचुंबक फिरवा, लेथवाल्यांकडे असतंच.

तिसरा मोह शेजारच्या कांद्याच्या रानात सोडायचा. चाकण भाग म्हणजे कांदा, आणि कांद्यावर फवारण्या. फवारलेल्या रानातला मेलेला किडा गिनी आनंदाने खाते. शेजाऱ्याला फवारणीचा दिवस आधी विचारून ठेवा.

आणि चिखली-मोशीला गुंठाभर प्लॉटवर घर असेल तर गिनी आणायच्या आधी शेजाऱ्यांना तिचा आवाज यूट्यूबवर ऐकवा. मी चेष्टा करत नाहीये. खाद्यात एक दाणा कमी पडला तरी आख्खी गल्ली उठवते.

तरीही पिलं मरायला लागली तर अंदाजाने औषधं ओतू नका. ताजं मेलेलं पिलू, खाद्याचा अर्धा किलो नमुना आणि पोत्याची चिठ्ठी घेऊन पशुवैद्यकांकडे जा. आपल्याला जवळ म्हणजे औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. कुक्कुटपालनाचं रीतसर शिक्षण हवं असेल तर उरुळी कांचनजवळ डॉ. बी. व्ही. राव इन्स्टिट्यूट आहे. माझ्या दोन तासांच्या वर्गाने ते काम होणार नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे वर्गात सगळे विचारतात. अडतीसमधली एकतीस शेवटपर्यंत टिकली, पण वाढ खुंटलेलीच राहिली. त्या पोत्याचे पैसे मी त्याला परत दिले. तो घेत नव्हता, जबरदस्तीने दिले. पिलांचे पैसे मी देऊ शकले नाही, हेही सांगायला हवं. यंदा मे महिन्यात त्याने परत पिलं आणली, या वेळी चाळीसच. पाळी बदलली की बायको किंवा वडील खाद्य घालतात, म्हणून त्याने भिंतीला कागद चिकटवलाय: कोणतं पोतं, किती ग्रॅम, किती वाजता, कोणी घातलं. चार आठवड्यांनी छत्तीस जिवंत होती. त्या कागदाचा फोटो त्याने मला पाठवलाय, आणि त्याच्या परवानगीने पुढच्या व्हिडिओत मी तो दाखवणार आहे.

काढून टाकलेला जुना व्हिडिओ अजून काही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय, माझ्याकडेच दोनदा आला. तुमच्याकडे आला तर त्याच ग्रुपवर हा लेखही टाका.